उजवा गुडघा, बसवलेला सांधा

आमच्या ताईंना हॉस्पिटलात सगळे ‘उजवा-डावा’ म्हणतात. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप आहे! एकोणीस वर्षं त्या रेकॉर्ड रूममध्ये बसून डॉक्टरांनी लिहिलेल्या आजारांना विमा कंपनीला लागणारे कोड देतायत. घरी नवरा म्हणाला, “दाढ दुखतेय,” की आधी विचारणार, “उजवी की डावी? वरची की खालची?” बिचारा आता आरशात बघूनच तक्रार करतो.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते आणि निम्मा दिवस त्यांच्यावर चिडलेली असते. पण त्या दिवशी घोळ माझा होता. शिवणकाम करणाऱ्या एका काकूंच्या फाइलवर डॉक्टरांनी ‘गुडघ्यात जंतुसंसर्ग’ एवढंच खरडलं होतं. मीही पुढेमागे न बघता तेवढ्याचाच कोड टाकला आणि फाइल ऑपरेशनच्या मंजुरीसाठी विमा कंपनीकडे पाठवली. उत्तर आलं: ऑपरेशनची गरज नाही, गोळ्या देऊन घरी सोडा. पाचपर्यंत नवे कागद आले नाहीत तर हेच कायम.

ताईंनी फाइल ओढून घेतली, एक्स-रेचा रिपोर्ट काढला. “अगं, हा सांधा बसवलेला आहे, कृत्रिम! गेल्या वर्षीचा. जंतू त्याला चिकटले असतील तर नुसत्या गोळ्यांनी काय होणार, कपाळ?”

“मग टाका ना तो कोड! चार वाजून गेलेत.”

“डॉक्टरांनी लिहिलं नाही ते मी लिहिणार नाही.”

अस्सा राग आला मला! पायानं मशीन चालवून पोट भरणारी बाई कायमची खाटेवर बसेल, आणि या मला नियम सांगतायत. पण ताई एव्हाना निम्मा जिना उतरल्या होत्या. मी बडबडत मागे धावले. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी त्यांनी डॉक्टरांना गाठलं आणि कागद पुढे केला. त्यावर तीन प्रश्न: संसर्ग नेमका कशाला झालाय? कुठला गुडघा? जंतू कोणता?

“तुम्हाला सगळं माहीत आहे, मग मला कशाला छळता?” डॉक्टर वैतागले.

“मला माहीत असून काय उपयोग? पेशंट तुम्ही तपासलाय. उत्तर मी सुचवायचं नसतं.”

डॉक्टरांनी हात पुसून लिहिलं. उजवा, बसवलेला सांधा, जंतूचं नावसुद्धा. पाचला सात मिनिटं असताना नवा कोड गेला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला मंजुरी आली, तेव्हा मी ताईंना कडकडून मिठी मारली. “चष्मा, अगं चष्मा!” त्या ओरडल्या.

चार महिन्यांनी आमच्या दारात एक काकू उभ्या. रेकॉर्ड रूम तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट दुसऱ्यापर्यंतच. “माझ्या कागदांसाठी धावलेल्या बाई कोण?”

ताईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. वाकून आधी गुडघे पाहिले. “उजवाच ना?”

“उजवाच! सकाळपासून मशीनवर होता.”

एकोणीस वर्षांत फाइलमधलं माणूस पहिल्यांदाच आमच्याकडे चालत आलं होतं. ताई खुर्चीत बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मलाही भरून आलं, म्हणून मी चिडूनच विचारलं, “पाणी कुठल्या डोळ्यातून येतंय? उजव्या की डाव्या?”

“दोन्ही,” त्या म्हणाल्या. “लिहून घे.”