सगळ्यात मऊ ब्रश
कुणी तव्यावर मिसरी भाजायला घेतली की त्या ठसका लावणाऱ्या वासानं मला वाशीच्या बाजारातलं ते दुकान आठवतं. आमच्या कुत्र्याच्या तोंडाला घाण वास यायचा, म्हणून त्याचे दात घासायला ब्रश घ्यायचा होता. पण कुत्र्यासाठी म्हटलं तर दुकानदार हसेल, म्हणून मी ते बोललोच नाही. एकेक ब्रश अंगठ्यानं दाबून बघत म्हणालो, “हिरड्या दुखायला नकोत, सगळ्यात मऊ द्या.” शेजारी आई भाजीची पिशवी धरून उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर जन्मभर मिसरी लावणारी आई न्हाणीपाशी तोच ब्रश घेऊन दात घासत होती. तोंडाला फेस, डोळ्यांत हसू. “लई मऊ हाय रं. माझ्या हिरड्या दुखत्यात, हे तुझ्या ध्यानात होतं व्हय?” मी फटकन बोलून गेलो, “अगं, कुत्र्याचा हाय तो!” तिनं घाईनं चूळ भरली, ब्रश तीन पाण्यांनी धुतला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात देत हळूच विचारलं, “आता चालंल न्हवं त्याला?” नुसतं ‘व्हय’ म्हणायला हवं होतं मी, तिच्या पहिल्या प्रश्नाला.