सोजराबाईचा अंगठा

माझी थोरली जाऊ सोजराबाई कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. माझ्या अगदी उलटी. मी फटकळ तोंडाची, गल्लीत भांडण लागलं की लोक आधी "करुणा कुठंय?" म्हणून विचारतात. सोजराबाईचा, आमी तिला बाईच म्हणतो, आवाज शेजारच्या घरालाबी कधी गेला न्हाई. सोयाबीन कापायला तिच्या बाजूला बसावं, तर दिवसभर नुसता विळ्याचा आवाज. अशा बाईच्या हातून हे व्हावं? आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

त्या घरात आवाज होता तो माझ्या थोरल्या दिराचा, जळबादादाचा. कळमनुरीच्या रस्त्यावरलं आमचं गाव, विहार घरासमोरच. वंदनेची आमची रीत अशी, की एकानं पुढं उभं राहून ओळ म्हणायची, थांबायचं, मग सगळ्यांनी तीच ओळ मागून म्हणायची. पाठ तर लहान लेकरालाबी असते. पर पुढं दादाच पाहिजेत. दुसरं कुणी उभं राहिलं की लोक इकडंतिकडं बघायचे.

मग दादाच्या गळ्यात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, जीव ठेवायचा तर आवाज जाईल. दादा घरी आले, आंघोळ केली, पांढरा सदरा घातला अन् पोराला म्हणाले, "आयुष, मोबाइल चालू कर." साऱ्या वंदना म्हणल्या. प्रत्येक ओळीनंतर आमच्यासाठी जागा सोडली. पंचशीलाच्या मध्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. आयुष म्हणाला, परत करू. दादा म्हणाले, "राहू दे, आपलीच माणसं ऐकणार हायेत."

आयुषनं ते पेन ड्राइव्हमधी भरलं. घरातल्या होम थेटरला पेन ड्राइव्ह लावायचा, तिथून वायर रस्त्यावरून विहारातल्या भोंग्याला. ऑपरेशन झाल्यावर दादा आमच्यासारखेच मागच्या रांगेत हात जोडून उभे राहायचे. भोंग्यातून त्यांचाच आवाज यायचा, अन् मोकळ्या जागेत आमच्यासंगं त्यांचे नुसते ओठ हलायचे. मला ते बघवत नव्हतं. खोकला आला की लेकरं खुदकन हसायची, अन् दादाबी हसायचे.

ते यंत्र चालवायचं दादानंच बाईला शिकवलं. दादाला बोलता तर येत न्हाई. मग तिचा अंगठा धरायचा अन् रिमोटच्या ओके बटनावर दाबायचा. पडद्यावर काही इंग्रजी आलं, दाब ओके. परत आलं, परत दाब. बाईला वाचता येत न्हाई, पर नवऱ्यानं धरलेला अंगठा तिच्या पक्का ध्यानात राहिला. दादा गेले तरी वंदना चुकली न्हाई. वायर तीच, आवाज तोच. बाई बटन दाबायची अन् पदर सावरत पळत रस्ता ओलांडून विहारात यायची.

अवंदा वीज कडाडली अन् होम थेटर बसलं. आयुषनं पुण्याहून नवा डबा पाठवला. टीव्हीबी त्याच्यावरच, पेन ड्राइव्हबी त्याच्यावरच, अन् म्हणे मालिका भरून ठेवायचीबी सोय! कुणी मागितली होती रे बाबा ती सोय? माझ्या नवऱ्यानं, धम्मानंदनं, वायरी जोडल्या अन् गडी शेतात निघून गेला. बाईनं पेन ड्राइव्ह खुपसला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलं. बाईनं ओके दाबलं. परत विचारलं. परत ओके. तिसऱ्यांदा विचारलं, तरी ओकेच.

मी भाकरी करून राहिले होते. बाई दारात आली. तोंडाला रंग न्हाई.

"करुणा, त्याहिचा आवाज येऊन न्हाई राहिला वं."

मी जाऊन बघते तर त्या डब्यानं सगळं पुसून पेन ड्राइव्ह कोरा केला होता, अन् वरून त्याच्यात चालू मालिका भरून घेत होता. पडद्यावर मालिकेतली सासू सुनेच्या अंगावर ओरडून राहिली होती. मी तो पेन ड्राइव्ह उपटला.

आयुषला फोन लावला. त्याचा जुना मोबाइल तर कवाच फुटला होता. दुसरीकडं कुणीच उतरवून ठेवलं न्हाई. रोज भोंग्यावर वाजतंय, मग जातंय कुठं, असंच सगळ्यांना वाटलेलं. तो पोरगा फोनवर ओरडला, "आई, न वाचता ओके काहून दाबलं?"

"तुझ्या बापानंच शिकवलं रे," बाई म्हणाली.

आमी दोघी कळमनुरीला गेलो. बाईनं पेन ड्राइव्ह रुमालात बांधून पोलक्यात ठेवला होता, वर हात दाबून. मोबाइलवाल्या वैजनाथनं कॉम्प्युटरला लावला, बराच वेळ बघितलं अन् मान हलवली. "हिंगोलीला दाखवा." हिंगोलीचा माणूस भला होता. म्हणाला, "नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं, मावशी. त्याच्यावर दुसरं भरलं गेलं. आता त्याच्या खाली काही न्हाई."

"जरासं तरी?" बाईनं विचारलं. "एखादी ओळ? खोकला तरी निघंल का?"

त्यानं परत बघितलं. खरंच बघितलं. मग कॉम्प्युटरमधून त्या मालिकेतल्या सासूचं ओरडणं तेवढं आलं. मी म्हणलं, बंद कर बाबा ते, पाया पडते तुझ्या.

एस.टी.त बाई आपल्या अंगठ्याकडं बघत बसली. "त्याहिचा आवाज एकदा डॉक्टरनं नेला," ती म्हणाली, "अन् आता म्या नेला." मी तिचा हात धरला, तर तिनं सोडवून घेतला. घरी आल्यावर पाण्याचा घोट घेईना. तो डबा उचलून उकिरड्यावर टाकावा असं मला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. विहार भरला. धम्मानंद म्हणाला, "मोबाइलवर दुसऱ्या कुणाची वंदना लावू, आजच्यापुरती." मी असं बघितलं त्याच्याकडं, की फोन खिशात गेला. पुढं व्हा म्हणलं तर सगळे एकमेकांना ढकलायला लागले. भोंगा मुका. बाई मागच्या रांगेत, दादा उभे राहायचे त्याच जागेवर. तिला मीच ओढत आणलं होतं.

अन् मग बाईनं हात जोडले. डोळे मिटले. जरा वेळ गेला, एक ओळ म्हणायला लागतो तेवढा. मग तिनं पहिली ओळ म्हणली. पुढं होऊन न्हाई, आपल्या जागेवरूनच, मागून म्हणतात तशी.

परत गप्प. परत तेवढाच वेळ. परत ओळ.

तवा माझ्या ध्यानात आलं. दादाच्या ओळीची जागा ती मोकळी सोडून राहिली होती. तिसऱ्या ओळीला मी तिच्यासंगं म्हणलं, मग धम्मानंदनं, मग सगळ्यांनी. म्हणायचं, अन् गप राहायचं.

पंचशीलाच्या मध्यात आलो. बाई थांबली. नेहमीची ओळ संपली असंल एवढा वेळ झाला, तरी ती थांबलेलीच. धम्मानंदनं तोंड उघडलं तसा मी त्याचा दंड दाबला. तिथं खोकला होता. बाईनं दादाला पुरतं खोकू दिलं, मग ओळ म्हणली.