भरती येईपर्यंत
परवा बाजारात सुरंगीच्या फुलांच्या वळेसरांचा, त्या गजऱ्यांचा, वास आला आणि मी पुन्हा त्या विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिले. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या ह्यांनी सरकारी इंजिनिअरची भरपूर पगाराची नोकरी, बंगला, जीप सगळं सोडून वकिली धरली होती. का, ते मला सांगितलं नाही, आणि मीही रागाने विचारायचं सोडलं होतं. पहिलाच दावा आमच्या वाडीतल्या एका म्हातारीचा: सरकारने खाडीला बांध घातल्यापासून तिची विहीर खारी झाली होती. न्यायाधीश स्वतः पाहायला आले ते नेमके ओहोटीला. मी काढून दिलेलं पाणी त्यांना गोड लागलं, तसे समोरचे वकील हसले. आमचे हे एवढंच म्हणाले, "साहेब, भरती येईपर्यंत बसावं." सगळे विहिरीजवळच्या सुरंगीच्या झाडाखाली बसले. डोक्यावर फुलं पडत होती आणि समोर खाडी चिखलावरून वर चढत होती. एवढं मोठं पाणी, पण कसला म्हणून आवाज नाही. मी पुन्हा कळशी काढली. न्यायाधीशांनी घोट घेतला आणि थुंकून टाकला. "तुम्हाला हे कसं ठाऊक?" "बांध मीच बांधलाय, साहेब. चूक ध्यानात आली तेव्हा वरच्यांनी ऐकलं नाही." म्हातारी ह्यांच्याकडे बघतच राहिली. "तूच बांधलंस रे झिला, आनी तूच मोडूक इलंस?" मी कळशीतलं उरलेलं पाणी ओंजळीत घेतलं आणि सगळं पिऊन टाकलं. अजून सुरंगीचा वास आला की माझ्या जिभेवर आधी मीठ येतं.