पोटावरचं कुंकू

आमच्या वरच्या खोलीतले भाडेकरू रविवारी मुठीएवढ्या मोटारी पुसत बसतात. ओरखडा नको म्हणून आधी अंगठी काढतात. पॉलिशचा थेंब मऊ फडक्यावर घेतात, गाडीवर कधीच नाही. नवं पॉलिश आधी गाडीच्या पोटाला लावून बघतात.

दसऱ्याला आम्ही ट्रॅक्टर पुजत होतो. लाडकी पांढरी मोटार हातात घेऊन तेही बघायला आले. सासूबाई ओलं कुंकू घेऊन वळल्या.

"आन हिकडं. गाडी ती गाडीच."

भाडेकरूंचा चेहरा उतरला. पांढऱ्या रंगावरचा कुंकवाचा डाग निघत नाही, आणि सासूबाईंना नाही तरी कसं म्हणायचं. त्यांनी मोटार हळूच उलटी धरली.

"आजी, इथं लावा."

"पोटाला व्हय रं?" सासूबाई हसल्या आणि बोट टेकवलं.

अजूनही रविवारी ते सगळी मोटार पुसतात, तेवढं कुंकू सोडून.