बनाबाईच्या लेकीचं पहिलं बाळंतपण

धरणाकाठच्या केळीच्या बागेत दोन वर्षं घड वाहणारी बनाबाई त्या दिवशी सकाळपासून माझ्या टपरीवर नुसती उठबस करत होती. बसायची, उठायची, रस्त्याकडं बघायची. चहा निवून गेला. मला तिचा राग आला, कारण मलाही बसवेना.

तिची लेक सुकन्या सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर तिकडं मंगळवेढ्याजवळ कुलूप लावून पडलेलं. बागेचा नियम असा की नवरा-बायकोतलं एकच बाहेर पडणार, दुसरं आत. म्हणजे गेलेलं झक मारत परत येतं. तिची आणि नवऱ्याची, ज्ञानूची, आधार कार्डं मुकादम सोमलिंगनं 'बँकेला लागतात' म्हणून घेतली, ती कपाटात गेली ती गेलीच. गावाला हे सगळं ठाऊक. आपल्याला काय करायचंय, म्हणत आम्ही चहा ओततो.

तिनं रजा मागितली तर सोमलिंग म्हणाला, "लेकीलाच आण की हितं. खोली देतो." बाई हरखली. माझ्याच फोनवरून तिनं निरोप दिला. आदल्या दिवशी मात्र तो म्हणाला, "येताना आधार कार्ड आण म्हणावं. दवाखान्याला लागतंय." तेव्हा तिला उमगलं, कार्ड गेलं की लेकही आतच अडकणार. सकाळपासून मी लेकीला फोन लावत होतो, लागत नव्हता.

एसटी आली. सुकन्या पोट सावरत उतरली. बनाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि दंडाला धरून तिला समोरच्या पंढरपूर गाडीकडं नेलं.

"चढ. सासरीच बाळंत हो."

"आये, पहिलं हाय माझं."

"म्हणूनच सांगती. कार्ड कुणाला देऊ नगंस. चढ."

गाडी हलली. खिडकीतून लेक रडत होती. बनाबाईनं तिकडं पाहिलं नाही.

थोड्या वेळानं सोमलिंग मोटरसायकलवरून आला. "आली न्हाय व्हय लेक?"

"न्हाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"सकाळपासनं हितंच हाय मी," मी म्हणालो. "कुणी उतरलं न्हाय."

त्या माणसापुढं मी पहिल्यांदाच तोंड उघडलं, तेही खोटं बोलायला.

"चल मग," तो बनाबाईला म्हणाला.

जाऊ नको, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ज्ञानू आत होता. ती पदर खोचून सोमलिंगच्या मागं बसली.