हसण्याआधीची तयारी

मुरुडात माझ्या कापडदुकानाला लागून भुसाराचं दुकान आहे. त्या दुकानदाराची मुलगी असेल नऊ-दहा वर्षांची. तिला दमा आहे. सोयाबीनची पोती आली, की धुळीपासून लांब म्हणून ती माझ्याकडे येऊन बसते.

"काका, पोती उतरवायलेत. बसू का?"

एवढंच. कापड बेतावं तशी ती श्वास बेतून बोलते. हसतेही तशीच, ओठ मिटून, नुसते खांदे हलवत.

मला गिऱ्हाइकांच्या नकला करायची खोड. एकदा तासभर लुगडी उलगडायला लावून शेवटी रुमाल घेऊन गेलेल्या मावशीची नक्कल केली, आणि पोरगी तोंड उघडून खदखदा हसली. मग खोकला सुरू झाला. छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या. मी तिच्या बापाला हाक मारायला धावलो. तिनं मात्र दप्तरातून पंप काढला, त्याला फुगीर नळी लावली, सावकाश श्वास ओढला आणि डोळे मिटून बसून राहिली.

त्या दिवसापासून मी नकला बंद केल्या.

परवा तिनं विचारलं, "काका, आता नकला का करंनात तुमी?"

"हसलीस की दम लागतोय बाई तुला."

"पळल्यावर बी लागतोय. तरी पळते की मी."

तिनं पंप काढून गल्ल्यावर ठेवला, मांडी घातली आणि ताठ बसली. "हं. मावशीची करा."

मी केली, जरा हात आखडूनच.

तिनं मान हलवली. "अशी न्हाई, काका. पुरी करा."