तीन हंगामांची चाचणी

"चालू तर सगळेच असतात, शेठ. नंतर सांभाळतंय कोण, ते सांगा."

डिस्क प्लेअरचं खोकं हातात घेतलं की त्यांचं हे वाक्य ठरलेलं. किंमत विचारायची नाही, रंग बघायचा नाही. बदनापूरहून रेल्वेने माझ्या जालन्याच्या दुकानात येणारे हे गृहस्थ कृषी संशोधन केंद्रातून निवृत्त झालेले. उभी हयात बियाण्यांच्या चाचण्यांच्या नोंदी ठेवण्यात गेली. असं गिऱ्हाईक तुम्हीही पाहिलं असेल. घेत काही नाही, दुकानदाराची परीक्षा तेवढी घेऊन जातं.

त्यांचा आधीचा प्लेअर ठणठणीत होता, पण कंपनीने दोन वर्षांत अपडेट देणं थांबवलं आणि भाच्याने भरून दिलेली नवी डिस्क त्याला वाचता येईना. त्या डिस्कमध्ये त्यांच्या बायकोने विहारातल्या कार्यक्रमांत म्हटलेली गाणी होती. घशाच्या ऑपरेशनात बाईंचा आवाज गेला होता. मला माझं गाणं ऐकायचंय, असं त्यांनी नवऱ्याला वहीत लिहून दाखवलं होतं.

मी तीन कंपन्या सुचवल्या. यांनी तिन्हींना एकच मेल पाठवली, पाच वर्षांनीही अपडेट देणार का? तीच मेल रब्बीत पुन्हा आणि उन्हाळ्यात पुन्हा जाणार होती. तीन हंगाम पाहिल्याशिवाय वाणाची शिफारस करायची नाही, हा त्यांच्या कामातला शिरस्ता. हा प्लेअर आहे, तूर नव्हे, असं मी म्हणालो. त्यांनी मला तुरीवरच अर्धा तास ऐकवलं.

खरिपात तिघांचीही उत्तरं आली. रब्बीत एक कंपनी गप्प राहिली, दुसरीने नुसते आभार मानले. तिसरीने मात्र जुन्या मॉडेलसाठीही नवं अपडेट काढलं होतं. मी म्हटलं, झाला की निकाल, आजच न्या आणि बाईंना ऐकवा.

"ऐकवलं अन् परत बंद पडलं, मंग?" ते म्हणाले. "एकदा गेलाय तिचा आवाज. दुसऱ्यांदा गेला तर काय सांगू तिला?"

मी खोकं परत फळीवर ठेवलं. तेव्हा भांडायला हवं होतं.

मे महिन्यात ते आले, तिसऱ्या कंपनीचं उत्तर छापून घेऊन. हाच द्या, म्हणाले. बाई कशा आहेत, असं मी विचारलं.

"फेब्रुवारीतच गेली," ते म्हणाले आणि खोक्यावरचा मॉडेल नंबर कागदाशी ताडून पाहू लागले.

खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही. हात खोकं बांधत राहिले. वाटायला हवं होतं, याची लाज मात्र अजून वाटते.

प्लेअर जोडायला मी स्वतः बदनापूरला गेलो. अपडेट चढेपर्यंत आम्ही दोघं पडद्यावरचे टक्के बघत बसलो. शंभर झाल्यावर मी ट्रे उघडला आणि डिस्कसाठी हात पुढे केला. डिस्क त्यांच्या मांडीवर होती. ती त्यांनी दिली नाही.

"बराबर झालं," ते म्हणाले. "कंपनी चांगली हाये, शेठ."

आणि त्यांनी बोटाने रिकामा ट्रे आत ढकलला.